स्लोव्हेनियन म्हणजे 'जर्मनची झेरॉक्स'? काहीही!

पाचवा_मजला
परवा इथे एकाने विचारलं होतं, स्लोव्हेनियात मारिबोरला नोकरी लागलीये, जर्मनची बी१ ही मधली पातळी झालीये, तर स्लोव्हेनियन शिकू का. त्यावर एका महाशयांनी ठणकावून सांगितलं, गरज नाही, वीस लाख लोकांची भाषा, निम्मे शब्द जर्मनमधून उचललेले, झेरॉक्स आहे नुसती. आणि त्याला लाइकवर लाइक. मी लुब्लियानात राहते, आधी ऑस्ट्रियात ग्रात्सला होते, त्यामुळे हे वाचून डोकंच सटकलं.

उचललेले शब्द आहेत, कोण नाही म्हणतंय. बोलताना साबण झायफा, वेळ त्साय्ट, नाश्ता फ्रुश्टेक, आणि स्क्रूड्रायव्हरला चक्क श्राउफेन्त्सिगर. पण पुस्तकात, बातम्यांत मिलो, चास, झायतर्क, इझ्वियाच. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या काळात कचेरी आणि फौज शतकानुशतकं जर्मनमधून चालली, कारागिरांची बोली तीच, मग हत्यारांची नावं दुसरी कुठून येणार?

व्याकरण बघा की जरा. जर्मनला विभक्त्या चार, हिला सहा. जर्मनमध्ये नामाआधी लागतं ते डेर-डी-दास हिच्यात नाहीच. आणि द्विवचन! शाळेत आपण आवाम् युवाम् घोकून विसरलो ते इथे भाजीवालीच्या तोंडात आहे. आम्ही दोघं असलो तर मिद्वा, दोघी बायका असलो तर मिद्वे, तिसरं माणूस आलं की सर्वनाम बदललं, क्रियापद बदललं. एक टेबल मिझा, दोन मिझी, तीन मिझे, पाच मिझ. हजार वर्षं डोक्यावर जर्मन बोलणारे राज्यकर्ते बसलेले असताना जिने हे सोडलं नाही ती झेरॉक्स?

श्टुटगार्टचा_अण्णा
मीच तो महाशय. ताई, तुम्ही व्याकरणाचं प्रदर्शन मांडलंत, प्रश्न पोटापाण्याचा होता. मारिबोरहून अर्ध्या तासात ऑस्ट्रियाची हद्द, तिकडे पगार जास्त, जर्मन येत असेल तर दहा दारं उघडतात. सहा विभक्त्या शिकून माणूस बोलणार कुणाशी? आणि झेरॉक्स नाही म्हणता तर एकवीसला एनाइन्द्वाय्सेत का म्हणतात, आधी एक मग वीस, हुबेहूब जर्मन? शेजारचे क्रोएशियन बघा, ते आधी वीस म्हणतात.

व्याकरण_मावशी
अण्णा, आकड्यांचं मान्य, तो जर्मनचाच प्रभाव धरतात. पण मग आपलं एकवीस, बावीस कुठल्या जर्मनाने शिकवलं ते पण सांगा.

उचलायचंच म्हणाल तर अजून एक देते तुम्हाला, फुकट. जुन्या स्लोव्हेनियनमध्ये मान द्यायला समोरच्याला 'ते' म्हणायचे, ओनिकान्ये, ते जर्मन 'झी'वरून आलेलं. आता मागे पडलं, 'वी' म्हणतात. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालू होता. जर्मनमध्ये सरहद्दीला ग्रेन्त्से म्हणता ना, तो शब्द स्लाव्हिक. ऑस्ट्रियात मधल्या वेळचं खाणं याउझं, ते स्लोव्हेनियन युझिनावरून. म्हणजे जर्मन पण झेरॉक्सच की.

श्टुटगार्टचा_अण्णा
दोन-चार शब्दांनी काय होतंय. स्लोव्हेनियनमधली पहिली छापील पुस्तकं कुठे निघाली? १५५० मध्ये ट्युबिंगेनला, माझ्या घरापासून लोकलने तासाभरावर. प्रिमोझ त्रुबार या स्लोव्हेनियन धर्मोपदेशकाने छापली. दालमातिनने केलेलं बायबलचं स्लोव्हेनियन भाषांतर १५८४ चं, ते विटेनबर्गला. जर्मन छापखाने नसते तर तुमचं द्विवचन हवेत असतं.

पाचवा_मजला
त्रुबार तिकडे हौसेने नव्हता गेला. प्रोटेस्टंट म्हणून घरी जिवाला घोर होता, म्हणून पळाला. आणि आपल्या लोकांना कळावं म्हणून छापलं कशात, तर स्लोव्हेनियनमध्ये. तो जर्मन जाणत होता हो, अण्णा.

निपाणीकर
वीस लाखांची भाषा शिकून काय करायचं, हे वाक्य आम्ही सीमाभागात लहानपणापासून ऐकतोय, फक्त आकडा वेगळा. ऑस्ट्रियाच्या कॅरिन्थियात काय झालं माहितीये का? १९५५ च्या ऑस्ट्रियन स्टेट ट्रीटी या करारात कलम ७, स्लोव्हेनियन अल्पसंख्याकांना दोन भाषांत पाट्या. पाट्या लागल्या १९७२ ला, आणि लोकांनी गाड्या घेऊन जाऊन उपटून टाकल्या. पुढे कोर्टाने सांगितलं तरी राजकारणी चालढकल करत राहिले, शेवटी २०११ ला १६४ गावांवर तोडगा. छप्पन्न वर्षं! आमच्याकडे तर १९५६ पासून चाललंय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि दुकानावर मराठी पाटी लावली म्हणून माझ्या काकांना कोण कोण येऊन दम देऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

ग्रात्सचा_जुना
अर्धवट सांगू नका. ऑस्ट्रियात राहायचं की शेजारच्या युगोस्लाव्ह राज्यात जायचं, यावर १९२० ला तिथे सार्वमत झालं, त्या पट्ट्यात बहुसंख्य लोक स्लोव्हेनियन बोलणारे असून ५९ टक्के मतं ऑस्ट्रियाला पडली. म्हणजे हजारो स्लोव्हेनियन भाषिकांनीच ऑस्ट्रिया निवडला. भाषा एक म्हणून राज्य एक, असं सगळ्यांना वाटत नसतं.

निपाणीकर
मग? ऑस्ट्रियात राहायला मत दिलं म्हणजे आजीची भाषा पाटीवरून पुसा असं मत दिलं का? आणि १९४१ नंतर नाझींनी स्लोव्हेनियातल्या स्टायरियात काय केलं? शाळेतून स्लोव्हेनियन बंद, शिक्षक आणि पाद्री हद्दपार. हे पण सार्वमतच का?

ग्रात्सचा_जुना
नाझी आणले की चर्चा संपली. माझी बायको कॅरिन्थियाची, सासू घरात स्लोव्हेनियन बोलते आणि दुकानात पाऊल टाकलं की जर्मन. तिला कुणी मारत नाही, सवय आहे म्हणते. मला काय कळतं तुमच्यापेक्षा.

व्याकरण_मावशी
सवय कशी लागली तेच तर विचारतायत ते.

श्टुटगार्टचा_अण्णा
धागा कुठे होता, कुठे गेला. मूळ मुद्द्यावर या. ताईंचं लाडकं द्विवचन. डोळे दोन, हात दोन, पाय दोन, तिथे हे लोक सरळ अनेकवचन वापरतात! जिथे खरी जोडी तिथेच द्विवचन नाही. कसली शुद्धता.

पाचवा_मजला
कारण जोडी आहे हे सांगायची गरजच नसते. मुद्दाम 'दोन' म्हटलं की लगेच द्वे रोकी (दोन हात), द्विवचन हजर. आणि जर्मनमध्ये मुलगी नपुंसक का, ते तुम्ही कधी समजावलंत का नवशिक्यांना? क्लासमध्ये विचारलं तर बाई म्हणायच्या, पाठ कर.

व्याकरण_मावशी
गप्प बसणार होते, पण स्लोव्हेनियन देक्ले, म्हणजे मुलगी, पण नपुंसकच हं. निदान शेवटी ए दिसतो, त्यावरून अंदाज तरी येतो. जर्मन मेडशनचं (मुलगीचं) लिंग पण शब्दाचं शेपूट बघूनच ठरतं, पण बाकी नामांचं काय? चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसक, एकाच ताटाजवळ.

श्टुटगार्टचा_अण्णा
बरं, आमचे चमचे वाईट. पण मारिबोरच्या त्या पोराने जर्मनची वरची पातळी सी१ करावी हेच माझं मत, स्लोव्हेनियन वेळ मिळाला तर.

पाचवा_मजला
करू दे की सी१. ऑफिसात चालेल. सोसायटीच्या मीटिंगला, डॉक्टरच्या रिसेप्शनला आणि पोरांच्या शाळेत जर्मन बोलून बघू दे, मग कळवेल तो तुम्हाला.