गच्चीवर अँटेना लावला, टीव्ही म्हणतो सिग्नल ९० टक्के, तरी चित्र फुटतंय!!

गच्चीकर
नमस्कार मंडळी. दोन आठवडे यात घातलेत, घरचे आता माझ्याकडे बघून हसतात म्हणून शेवटी इथं विचारतोय. डिजिटल टीव्हीसाठी गच्चीवर अँटेना लावलाय, तो माशाच्या काट्यासारखा लांबडा असतो ना तो. पाइप धरून गच्चीच्या वर ३ मीटर उंच असेल. तिथून केबल खाली येते साधारण ३० मीटर, मध्ये एक जोड आहे (केबल कमी पडली होती), मग चार तोंडांचा स्प्लिटर, त्यातली दोनच तोंडं वापरात, आणि हॉलमध्ये टीव्हीच्या मागं बूस्टर. आता गंमत अशी की काही चॅनल आरशासारखे स्वच्छ आणि काही चॅनल चौकोन चौकोन होऊन अडकतात, आवाज तुटतो, मग काळा पडदा. पावसात तर विचारूच नका. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर स्ट्रेंग्थ ९० आणि क्वालिटी ३० ते ४० च्या मध्ये नाचतीये. ओळखीतला एकजण म्हणतो अजून मोठा बूस्टर लाव. लावू का?

जुनीतार
नका लावू. आधी आहे तोच काढा.

स्ट्रेंग्थ म्हणजे नुसता आवाज किती मोठा आहे ते, क्वालिटी म्हणजे त्यातलं बोलणं किती कळतंय ते. तुमचा बूस्टर केबलच्या पार शेवटी बसलाय, तिथं पोचेपर्यंत सिग्नल मरगळलेला असतो आणि बूस्टर त्या मरगळलेल्या सिग्नलसोबत खरखर पण तेवढीच मोठी करतो, वर स्वतःची थोडी घालतो ती वेगळीच. म्हणून ९० दिसतं. त्या ९० ला काडीची किंमत नाही, शिवाय प्रत्येक टीव्हीचं टक्के मोजायचं गणित वेगळं असतं त्यामुळं दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना पण करू नका.

हिशोब बघा. टीव्हीची बरी केबल म्हणजे आरजी-६ धरली तर यूएचएफच्या (टीव्हीच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा) वरच्या भागात १०० मीटरला २० डीबीच्या (सिग्नलची घट मोजायचं माप) आसपास खाते, म्हणजे तुमच्या ३० मीटरला ६ डीबी. चार तोंडांचा स्प्लिटर ७ ते ८ डीबी खातो, आणि दोन तोंडं रिकामी असली म्हणून कमी खात नाही बरं का, तो वाटणी चार जणांतच करतो. झाले १३-१४ डीबी. म्हणजे अँटेन्यानं पकडलेल्या ताकदीचा विसावा पंचविसावा हिस्सा खाली उरला. यात तो जोड धरलाच नाही, जोडाचं काय झालंय ते देवाला माहीत.

जुन्या टीव्हीत सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, चित्र हळूहळू खराब व्हायचं, कळायचं तरी. डिजिटलमध्ये तसं नसतं, एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम झकास आणि त्याच्या जरा खाली गेलं की सरळ दरीत. तुम्ही त्या दरीच्या काठावर उभे आहात, पाऊस येऊन फक्त ढकलतो.

आणि "काही चॅनल" म्हणताय ते नीट बघा, बहुतेक गठ्ठ्यानं फुटत असतील. एका फ्रिक्वेन्सीवर बरेच चॅनल एकत्र बांधून येतात, ती फ्रिक्वेन्सी कमजोर पडली की त्यातले सगळे एकदम जातात.

आज एवढंच करा, बूस्टर काढा, स्प्लिटर काढा, वरून आलेली केबल थेट टीव्हीत घाला आणि प्रत्येक गठ्ठ्याची क्वालिटी वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर काय केल्यानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

सर्किटवेडा
+१. फक्त अँटेन्याकडे पण एकदा बघून घ्या राव, लोक तो चक्क उलटा लावतात. आखूड काड्यांचं टोक टॉवरकडे पाहिजे, आणि मोठी जाळी किंवा सगळ्यात लांब काडी असते ती मागं. दुसरं म्हणजे काड्या आडव्या की उभ्या? टॉवर आडवा पाठवत असेल आणि तुमच्या काड्या उभ्या असतील तर १५-२० डीबी तिथंच गेले, मग खाली काहीही करा. शेजारपाजारचे चांगले चालणारे अँटेने बघा, ते कसे लावलेत तसा लावा.

फिरवताना घाई नको. पूर्वी एकजण वर, एकजण खाली, "आलं काऽऽ", "अजून थोऽऽडं" असं चालायचं, डिजिटलमध्ये टीव्हीवरचा आकडा उशिरा बदलतो, म्हणून थोडंसं फिरवायचं आणि दहा आकडे मोजायचे. सगळ्यात चांगली जागा शोधत बसू नका, डावीकडे कुठं तुटतं ते बघा, उजवीकडे कुठं तुटतं ते बघा आणि बरोबर मध्ये घट्ट करा. आणि हे सगळं सगळ्यात रडक्या गठ्ठ्यावर करा, चांगल्यावर करून काय उपयोग.

उंचीचं पण एक सांगतो, उंच म्हणजे चांगलं हे साधारण खरं पण डोळे झाकून नाही. समोरून थेट येणारा आणि भिंतीवर जमिनीवर आपटून येणारा असे सिग्नल एकमेकांत मिसळतात, काही जागी बेरीज होते काही जागी वजाबाकी. ५०० मेगाहर्ट्झला लाट ६० सेंटीमीटरची असते, त्यामुळं अँटेना हातभर बाजूला सरकवला तरी कधी कधी मेलेला गठ्ठा जिवंत होतो. मी स्वतः पाइप अर्धा मीटर *खाली* घेऊन चांगलं चित्र मिळवलंय, कुणी विश्वास ठेवत नाही.

गच्चीकर
जुनीतार, तुम्हाला साष्टांग नमस्कार! बूस्टर आणि स्प्लिटर काढून थेट जोडलं तर स्ट्रेंग्थ उतरली ६० वर आणि क्वालिटी चढली, एक गठ्ठा ७५, दुसरा ५० च्या पुढं मागं. चौकोन जवळपास बंद. काड्या बरोबर आहेत, दिशा जरा सरकली होती ती मध्ये आणली. मग केबलचा तो जोड उघडला तर मधल्या तारेभोवतीची जाळी काळी पडलेली आणि मधली तार हिरवट. तेवढा तुकडा कापून नवीन पिन लावली तर चालेल का?

नाना_निवांत
नाही चालणार हो. मी तेच करून एक पावसाळा वाया घालवलाय. पाणी जोडातून शिरलं की जाळीच्या आत केबलभर झिरपत जातं, तुम्ही हातभर कापाल आणि काळेपणा पुढं अजून दिसेल, परत कापाल, परत दिसेल, शेवटी केबल एवढीशी उरते आणि जोड वाढतात. अख्खी बदला, वरपासून खालपर्यंत एकसंध, मध्ये जोड नको.

आतली तार पूर्ण तांब्याची आणि जाळी दाट असलेली घ्या. पिन लावताना जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी खेळ खल्लास, चष्मा लावून बघा (मी लावतो). वरच्या जोडावर रबरासारखी स्वतःला चिकटणारी टेप ताणून गुंडाळा, साधी काळी टेप उन्हात सुटते. पिनच्या आधी केबल जरा खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, पिनेत शिरत नाही. आणि केबल काटकोनात मुडपू नका.

अजून एक, ओल्या गच्चीवर चढू नका, ढग गडगडत असताना तर मुळीच नाही, आणि पाइप उभा करताना जवळपास विजेची लाइन आहे का ते आधी बघा. पाइपला अर्थिंग दिलंय का? नसेल तर माहितगार माणसाकडून करून घ्या.

फास्टफॉरवर्ड
मी थोडा विरोधात. माझ्याकडे बूस्टरनंच काम झालं, त्याशिवाय एकही चॅनल नव्हता. सरसकट बूस्टर वाईट असं नका सांगू लोकांना.

जुनीतार
तुमचा बूस्टर कुठं बसवलाय? पैज लावतो, वर खांबावर असणार. तिथं सिग्नल अजून ताजा असतो, केबलनं खायच्या आधी उचलला की पुढचं नुकसान सोसतं. मी शिव्या घालतोय त्या टीव्हीमागच्या बूस्टरला. खांबावरच्याला वीज त्याच केबलमधून वर जाते, म्हणून मध्ये स्प्लिटर असेल तर वीज पुढं जाऊ देणाराच पाहिजे, नाहीतर बूस्टर उपाशी राहतो आणि नसल्यापेक्षा वाईट होतं. टॉवर जवळ असेल तर सिग्नल इतका जोरात येतो की बूस्टरच गोंधळतो, तिथंही चित्र फुटतं आणि माणूस अजून मोठा बूस्टर लावतो. जवळ मोबाइलचा टॉवर असेल तर बूस्टरच्या आधी फिल्टर लागतो, बऱ्याच देशांत ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा टीव्हीकडून काढून मोबाइलला दिलाय आणि जुने बूस्टर तोही उत्साहानं मोठा करतात.

फास्टफॉरवर्ड
खांबावरच आहे 😄 हरलो.

सर्किटवेडा
गच्चीकर, नवीन केबल टाकली की चॅनल परत शोधायला लावा पण आधी जुनी यादी पुसा. दोन टॉवरचे सिग्नल येत असतील तर टीव्ही कधी कधी लांबच्याचा कमजोर गठ्ठा धरून बसतो आणि आपण उगाच अँटेन्याला दोष देतो.

गच्चीकर
झालं एकदाचं. नवीन अखंड केबल, दोन तोंडांचा स्प्लिटर, बूस्टर डब्यात. जुनी यादी पुसून परत शोधलं. दोन्ही गठ्ठे ८० च्या आसपास, रात्रभर धो धो पाऊस पडला तरी एक चौकोन नाही. आता एकच राहिलंय, आतल्या खोलीतल्या टीव्हीवर एक गठ्ठा फक्त एलईडी दिवा लावला की तुटतो, दिवा बंद केला की येतो. आईला वाटतं मी मुद्दाम अंधारात बसवतोय.

नाना_निवांत
भिंतीतल्या सॉकेटपासून टीव्हीपर्यंत ती हातभर पांढरी वायर आहे ना, ती बदला. फुकटात आलेली असते, तिला जाळी नावालाच असते, दिव्याची खरखर तिथूनच शिरते. उरलेल्या केबलचा तुकडा पिना लावून वापरा. तरी नाही थांबलं तर दिवा बदला.

गच्चीकर
वायर बदलली, थांबलं! आई उजेडात मालिका बघतीये.