समुद्राकाठचा प्रत्येक गोल्फ कोर्स ‘लिंक्स’ असतो का?

रफमधला: ब्रिटिश ओपन या गोल्फ स्पर्धेचं प्रक्षेपण पाहिलं की दरवेळी तेच दिसतं: झाडं नाहीत, गवत पिवळं पडलेलं, जमीन उंचसखल. तरी जाणकार या कोर्सेसना डोक्यावर घेतात. समुद्र शेजारी असला की तो लिंक्स, एवढंच आहे का? आणि नेहमीच्या पार्कलँड (झाडीतल्या, हिरवळीच्या) कोर्सवर खेळणाऱ्याने तिथे काय बदलायचं?

वाळूचाकण: समुद्र दिसणं हा निकष नाही, पायाखाली काय आहे ते बघा. किनारा आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, उंचवट्यांचा पट्टा म्हणजे लिंक्स. शब्द आला जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्लिंक’वरून, म्हणजे उंचवटा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या नावातच लिंक्स आहे, पण तो कड्यावरचा कोर्स. काटेकोरपणे बोलायचं तर लिंक्स नाही.

हिमयुगानंतर स्कॉटलंडची जमीन वर उचलली गेली, समुद्र मागे हटला आणि वाळू उघडी पडली. वाऱ्याने तिच्या टेकड्या केल्या. शेतीला निकामी असलेल्या या जागेत उरले ससे, मेंढ्या आणि गोल्फ. सेंट अँड्र्यूजच्या 1552 च्या सनदेत गावकऱ्यांच्या गोल्फचा हक्क आणि सशांची पैदास एकत्रच येतात! पाणी झटकन झिरपतं, माती नापीक, म्हणून फेस्क्यूसारखं बारीक, चिवट गवतच टिकतं. उन्हाळ्यात ते पिवळं पडतं, मरत नाही. उलट खत-पाणी जास्त झालं की दुसरी गवतं घुसतात आणि जमीन मऊ होते. तिथे हिरवंगार दिसणं हीच काळजीची गोष्ट.

वाराउलटा: खेळाबद्दल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरच्या वाऱ्यात जोर लावणं. जोराने मारलं की बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढतो, चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि पुढ्यात पडतो. एक-दोन नंबर जास्त लांब मारणारा क्लब घ्या, ग्रिप थोडी खाली धरा, चेंडू स्टान्समध्ये (उभं राहण्याच्या पवित्र्यात) किंचित मागच्या पायाकडे ठेवा, स्विंग तीन-चतुर्थांश आणि सावकाश. फॉलो-थ्रू आखूड.

ग्रीनजवळ (होलभोवतीच्या आखूड गवताजवळ) लॉब वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब, बॅगेतच राहू द्या. कडक जमिनीवर जास्त बाउन्सचा (तळ फुगीर असलेला) वेज आपटून उसळतो, पुढची कड चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू सरपटत ग्रीनपार. सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) ग्रीनच्या अलीकडे टाकून घरंगळू द्या. गवत आखूड असेल तर वीस यार्डांवरूनही पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब) चालतो. यात कमीपणा नाही, तिथले लोक सर्रास तेच करतात.

रफमधला: आणि ते विहिरीसारखे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे? मुद्दाम छळायला?

वाळूचाकण: छळ होतोच, पण कारण वारा. उथळ बंकरमधली वाळू उडून जाते. म्हणून खोल खड्डा आणि त्याला गवताच्या लाद्यांची भिंत: विटांसारखा थरावर थर, प्रत्येक थर जरासा मागे. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत उन्हाने लवकर सुकते आणि ढासळते, त्यामुळे काही वर्षांनी ती पुन्हा रचावी लागते. चेंडू भिंतीला टेकला असेल तर बाजूला किंवा चक्क मागे मारा. तेही जमत नसेल तर 2019 पासून दोन फटक्यांचा दंड घेऊन बंकरबाहेर, होल आणि चेंडू यांच्या रेषेत मागे ड्रॉप घेता (चेंडू हातातून खाली सोडता) येतो.

जुनापाना: थोडा इतिहास. सेंट अँड्र्यूजला पूर्वी फेरी 22 होल्सची होती: जाताना आणि येताना तेच होल्स. 1764 मध्ये पहिल्या चारांचे दोन केले, तेव्हा दोन्ही वाटांवर दोन-दोन कमी होऊन 18 उरले. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा घोट म्हणून अठरा होल्स, ही निव्वळ लोणकढी. येण्याजाण्याची खूण तिथल्या ओल्ड कोर्सवर अजून आहे. सात ग्रीन्स प्रत्येकी दोन होल्सना सामाईक आहेत आणि जोडीतल्या होल्सची बेरीज 18 येते: 2 आणि 16, 5 आणि 13.

बाकी सगळीकडे 18 लगेच आले असं मात्र नाही. 1860 ची पहिली ओपन प्रेस्टविकच्या 12 होल्सच्या लिंक्सवर झाली. आठ खेळाडू, एका दिवसात तीन फेऱ्या, आणि विली पार्क 174 फटक्यांत जिंकला. ओपन आजही लिंक्सवरच होते.

वाराउलटा: एक राहिलं. जाताना वारा पाठीशी असेल तर स्कोअर आधीच करून ठेवा. अशा कोर्सवर परतीचे नऊ होल्स बहुतेक वाऱ्याच्या तोंडावर असतात.