कॅनडातलं लहान गाव, फ्रेंच आणि पीआर (कायमचं राहण्याची परवानगी) : तुमचेही अनुभव लिहा

सातूचंपीठ
काल गराज आवरताना टीईएफच्या, म्हणजे कॅनडाला येण्यासाठी दिलेल्या फ्रेंच परीक्षेच्या, तयारीची वही सापडली. एका पानावर फ्रेंच आकडे लिहिलेत. सत्तर म्हणजे साठ-दहा, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, आणि ऐंशी म्हणजे 'कात्र व्हँ', चार वीस. त्याच्या शेजारी पेन्सिलीने नुसतं 'आजी!' लिहिलंय.

पुण्यातल्या क्लासमध्ये बाकीचे कपाळाला हात लावून बसले होते, हे कसले आकडे म्हणून. मला मात्र आजी आठवली. कडब्याच्या पेंढ्या मोजताना तिचं गणित विसाच्या पुढे जायचंच नाही. वीस झाल्या की एक खडा बाजूला. चार खडे झाले की "चार विसा झाल्या गं". शाळेचं तोंड न पाहिलेली बाई फ्रेंचांसारखी मोजायची, आणि मी चाळिशीत तेच पैसे भरून शिकत होते.

आमचं वय निघून गेलेलं. ह्यांची भोसरीत सीएनसी मशीनवर पंधरा वर्षं, माझी बालवाडी. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरला बोलावणाऱ्या सरकारी योजनेत, साधे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) पाचशे गुणांच्या वर चाललेले, आम्ही फ्रेंच धरूनही साडेतीनशेच्या घरात. मग २९ फेब्रुवारी २०२४ ला फ्रेंचवाल्यांचा ड्रॉ आला, कटऑफ ३३६. ह्यांनी पहाटे बोलावण्याचा मेल दाखवला तर मी आधी स्पॅम आहे का ते बघितलं.

तोंडी परीक्षेत एक जाहिरात देतात, फोन करून माहिती विचारायची. मग दुसऱ्या भागात मित्राला एखादी गोष्ट पटवायची. मी परीक्षक बाईंशी मंडईत घासाघीस करतात तशी बोलले. त्या शेवटी म्हणाल्या, बरं बाई, येते मी तुझ्याबरोबर :)

इकडे आल्यावर पहिले अडीच महिने टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनचं बेसमेंट. ह्यांना नोकरी नाही, मला नाही. मग उत्तर ओंटारियोतल्या सडबरीच्या फ्रेंच पाळणाघराने बोलावलं. आता रोज आठ पोरांना स्नोसूट घालते. शेवटच्याची चेन लावेपर्यंत पहिल्याला शूला लागलेली असते. आणि माझा 'र' ती तीन वर्षांची पोरं सुधारतात. हसत नाहीत हं, गंभीरपणे घशात खरवडून दाखवतात.

लहान गावातून, फ्रेंचमधून, पायलटमधून (पीआरच्या प्रायोगिक योजनांतून), कसेही आला असाल तर लिहा.

केळफूल
वा वा, आजीच्या विसा वाचून बरं वाटलं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

दांडपट्टा
मूस जॉ, सस्कॅचवान. आरएनआयपी, म्हणजे लहान गावांसाठीचं जुनं पायलट. हेवी ड्युटी मेकॅनिक.
पहिल्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबताना दिसली. मला वाटलं, इथे सगळ्याच गाड्या इलेक्ट्रिक! मी मेकॅनिक बरं का. ब्लॉक हीटर. रात्री इंजिन गरम ठेवायला बोर्डात खुपसायचं. मी न खुपसता झोपलो. सकाळी उणे ३६. स्टार्टर मारला तर म्हातारा खोकावा तसा एकच आवाज, मग शांतता. कामावर पोचायला पाऊण तास उशीर. साहेब काही बोलला नाही, दुपारी नवीन एक्स्टेन्शन केबल माझ्या टूलबॉक्सवर ठेवून गेला.

गुळपोळी
@दांडपट्टा हहपुवा. म्हातारा खोकावा :D :D

साळुंकी
दांडपट्टाकाका, तो मूसचा (सांबरासारख्या प्राण्याचा) मोठा पुतळा तुमच्याच गावात ना?

दांडपट्टा
हो, मॅक. नॉर्वेने त्याच्यापेक्षा उंच बांधला म्हणून २०१९ मध्ये आमच्या लोकांनी त्याची शिंगं वाढवली. गावातली गणेश मंडळं आठवली एकदम.

भरडधान्य
धाग्याशी थोडं संबंधित. पूर्वीच्या आरएनआयपीत ११ गावं होती, ते ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. आता ग्रामीण पायलटमध्ये १४ आणि फ्रेंच पायलटमध्ये ६ ठिकाणं. सडबरी आणि टिमिन्स दोन्ही याद्यांत. नोकरी त्या गावाने मान्यता दिलेल्या मालकाकडचीच लागते, मग गावाची शिफारस, मग पीआरचा अर्ज. म्हणजे आधी मालक पटवा, मग गाव, मग सरकार. लग्न जमवण्यासारखंच, मुलगा हो म्हणाला तरी आत्या राहतेच.

आणि एक. जॉब ऑफरचे पैसे मागितले तर सरळ चालायला लागा. माझ्या रूममेटकडे एकाने मागितले होते. ते बेकायदा आहे. त्याने दिले. गेले. ऑफर आलीच नाही. तो आता परत नाशिकला आहे, द्राक्षं बघतो, बरं चाललंय म्हणतो.

केळफूल
:( त्या मुलाला सांगा चांगलं केलंस परत आलास.

मधलीसुट्टी
नमस्कार, पुण्यात आहे, वय २४. डेल्फ बी१ (फ्रेंचची दुसरी परीक्षा) झालंय. फ्रेंच पायलटला चालेल का? परत परीक्षा द्यायची नाहीये प्लीज

सातूचंपीठ
नाही रे बाळा. फेडरलला (केंद्र सरकारच्या योजनांना) टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच लागतं, डेल्फ क्यूबेक प्रांताला चालतं. फ्रेंच पायलटला चारही कौशल्यांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंचची पातळी) ५ पुरतं, एक्स्प्रेस एंट्रीच्या फ्रेंच ड्रॉला ७. तुझं बी१ आहे म्हणजे अभ्यास झालाच आहे, फक्त पेपरची पद्धत वेगळी. ऐकण्याच्या भागाचा सराव जास्त कर, रेकॉर्डिंग एकदाच वाजतं आणि तेवढ्यात नेमकं घरी कुणीतरी मिक्सर लावतं.

मधलीसुट्टी
धन्यवाद ताई. रडतो आणि फॉर्म भरतो.

वेंगुर्लेकर
फ्रेंचचं ते नाकातलं आं-आं-ऑ आमच्याकडे लहानपणापासून आहे. कोकणी बोलणाऱ्याला वेगळा क्लास नको. बाईंनी मला वर्गात उभं करून बाकीच्यांना 'असं म्हणा' सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा नाकात बोलतो म्हणून शाबासकी.
अवांतर: परीक्षा नापास झालो, लिखाणात.

रानजाई
मी मंक्टन, न्यू ब्रन्सविक. दोन्ही भाषा अधिकृत असलेला हा एकच प्रांत. आमच्या टीमलीडने घरी 'दिने'ला बोलावलं. मी क्लासमध्ये शिकलेलं, दिने म्हणजे रात्रीचं जेवण. संध्याकाळी सहाला काजूकतलीचा डबा घेऊन, साडी नेसून दारात. तिने दार उघडलं तर अंगात पायजमा. इकडे दिने म्हणजे दुपारचं जेवण हो!! रात्रीचं 'सुपे'. बिचारीने बाराला मांडलेलं सगळं परत गरम केलं आणि माझ्यासमोर बसून दुसऱ्यांदा जेवली.
आणि इथले लोक फ्रेंच-इंग्रजीची अशी मिसळ करतात की आपलं 'गाडी पार्क करून येतो' शुद्ध वाटावं. शिआक म्हणतात त्याला. क्लासचं फ्रेंच घेऊन आले ती पहिला महिना मुकीच होते.

गुळपोळी
साडी नेसून! उणे किती होतं गं?

रानजाई
उणे ११. आत थर्मल होतं. निऱ्या बुटात.

हरभरा
माँट्रियल. इथे सहा वर्षं, फ्रेंच बी२, टॅक्स भरतोय. क्यूबेकचं वेगळंच दुकान, फेडरलचे हे पायलट आम्हाला नाहीत. पीईक्यूच्या (इथल्या अनुभवावर निवडणाऱ्या क्यूबेकच्या योजनेच्या) आशेवर होतो, नोव्हेंबर २०२५ मध्ये ते बंद झालं. आता अरीमात (क्यूबेकच्या अर्जांच्या पोर्टलवर) नाव टाकून बसलोय. जास्त लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांचं झालं, आनंद आहे खरंच.

भरडधान्य
@हरभरा व्यनि (खासगी निरोप) केलाय. ओंटारियोत नोकरी बघायची तयारी असेल तर बोलू.

केळफूल
आले परत. मी टिमिन्सला वृद्धाश्रमात काम करते, पीएसडब्ल्यू, म्हणजे देखभाल करणारी. भारतात मी दातांची डॉक्टर होते, ते असो.

आमच्याकडे एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. आयुष्यभर दोन्ही भाषा बोलल्या, आता विस्मरणात इंग्रजी पूर्ण गेलंय, फक्त लहानपणचं फ्रेंच उरलंय. रोज संध्याकाळी चारला अस्वस्थ व्हायच्या, "मा सकॉश, मा सकॉश". मोबाइलवरच्या फ्रेंचमध्ये तो शब्दच माझ्यासमोर आला नव्हता. मी पाणी द्यायचे, शाल द्यायचे, संडासला न्यायचे. त्या हात झटकायच्या. शेवटी स्वयंपाकघरातल्या बाईंनी सांगितलं, अगं, पर्स मागतायत. इकडचा शब्द.

कपाटात तपकिरी पर्स होती, आत रुमाल आणि बंद पडलेलं घड्याळ. मांडीवर दिली की शांत. त्यांना घरी जायला निघायचं असतं, पर्सशिवाय कसं निघणार?

पुढचं फ्रेंच मी त्यांच्याकडूनच शिकले. परीक्षेत मी एकदा सकॉश म्हणाले तर परीक्षक हसल्या. पास झाले पण.

सातूचंपीठ
केळफूल, डोळ्यात पाणी आलं गं. पाळणाघरात असल्याने भलत्या वेळी.

पोर्टलुई
मॉरिशसहून नमस्कार. माझे मराठी थोडे चुकते, माफ करा. आमच्या घरी क्रिओल, पेपर फ्रेंच, गणपतीत आरती मराठी. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊसाच्या मळ्यात करारावर आले. त्यांची कोणी भाषेची परीक्षा घेतली नाही, फक्त हात बघितले. माझी मुलगी आता तुमचा टीईएफ देते. फ्रेंच चांगले आहे, इंग्रजीची भीती वाटते.

वेंगुर्लेकर
दंडवत. मराठी माझ्यापेक्षा बरं आहे.

साळुंकी
सडबरीत मेथी मिळते का कुठे? पुढच्या महिन्यात शिफ्ट होतोय.

सातूचंपीठ
जुडी कधीतरी, ती पण आजारी. आम्ही टोरोंटोहून आणतो, चार तास. तुझ्या नवऱ्याला गाडी चालवता येते ना? मग शनिवारी येताना आमच्याही दोन जुड्या आण. आणि दाणे कुंडीत टाक, खिडकीत येते बोटभर.

दांडपट्टा
ब्लॉक हीटरची वायर विसरू नका.