जागतिक सुरक्षेत मास्टर्स: कर्ज काढून करण्यासारखं आहे का?

परळचा मामा
भाचीनं राज्यशास्त्रात बीए केलंय. आता विलायतेत 'ग्लोबल सिक्युरिटी'चं एक वर्षाचं मास्टर्स करायचं म्हणते. ग्लासगोला याच नावाची एमएससी आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्ध-अभ्यासाचा अख्खा विभाग आहे. ताई-भावोजी घरावर कर्ज काढायला निघालेत. माझा साफ विरोध. तिकडच्या सरकारी सुरक्षा खात्यांत आपल्या पोरांना कोण उभं करतंय? इकडे यूपीएससी असो की आयबी, पदवी कुठल्याही शाखेची चालते. उरले थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, त्या बहुतेक दिल्लीत. मुंबईत गेटवे हाउस आहे, ओआरएफचं ऑफिस आहे, पण तिथे जागा अशा किती असणार?
आणि शिकवतात काय? तर एखादी गोष्ट आपोआप धोका नसते. कुणी वजनदार माणूस तिला धोका म्हणतो आणि लोक माना डोलावतात, तेव्हा ती सुरक्षेचा प्रश्न होते. असं मानणाऱ्या अभ्यासकांच्या गटाला कोपनहेगन स्कूल म्हणतात म्हणे! हे २६/११ च्या रात्री ताजच्या दारात उभं राहून सांगून बघा.

बॅलार्ड इस्टेट
मामा, मी मरीन इन्शुरन्समध्ये, म्हणजे जहाजांच्या आणि मालाच्या विम्यात आहे. नोकऱ्या फक्त सरकारात असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?
२३ डिसेंबर २०२३ ला 'केम प्लूटो' टँकरवर अरबी समुद्रात ड्रोन पडला. झेंडा लायबेरियाचा, मालक जपानी, चालवणारे डच, खलाशी बहुतेक आपले, माल सौदीहून मंगळूरला. अमेरिका म्हणाली ड्रोन इराणमधून आला, इराणनं कानावर हात ठेवले. जहाज दोन दिवसांनी मुंबई बंदरात आलं आणि आमचे फोन बंद होईनात. त्याच सुमारास येमेनच्या हूती बंडखोरांच्या भीतीनं मोठ्या कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेच्या टोकाचा, केप ऑफ गुड होपचा वळसा धरला होता. युरोपची फेरी दहा-बारा दिवसांनी लांबली. न्हावा शेवातून नाशिकची द्राक्षं पाठवणाऱ्याला एवढंच हवं असतं: माझा कंटेनर ज्या जहाजावर आहे, ते हूतींच्या यादीत बसतं का? हूती आधी इस्रायलशी संबंधित जहाजं म्हणत होते, मग अमेरिका-ब्रिटनचीही धरू लागले. पण जहाज 'संबंधित' कुणाशी, झेंड्याशी, मालकाशी की भाड्यानं घेणाऱ्याशी? लंडनच्या विमावाल्यांची जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या पाण्याची यादी काढते, त्यावर वॉर रिस्कचा, म्हणजे युद्धाच्या धोक्याच्या विम्याचा हप्ता हलतो. ती यादी वाचून त्याच दिवशी दोन पानांत अर्थ सांगणारा माणूस मला मिळत नाही.

परळचा मामा
मग त्याला शिपिंग किंवा कायदा शिकलेला पुरे की! मार्च २०२४ मध्ये नौदलानं 'रुएन' जहाजावरचे ३५ सोमाली चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. तिथं कामाला आला तो २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा. थिअरी नाही.

कलिना लोकल
विषय मी शिकवते, म्हणून थिअरीच्या बाजूनं बोलणारच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल ठप्प झाल्या. पुढे राज्य सरकार म्हणालं, सायबर घातपाताची शक्यता दिसते. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. वीज तीच, अंधार तोच. एकानं त्याला सायबर हल्लेखोरापर्यंत नेलं, दुसऱ्यानं कंट्रोल रूमपर्यंत. त्यावरून पैसा कुठे जाणार ते ठरतं: फायरवॉलला की वीजवाहिन्यांना. तुम्ही हसताय ती कोपनहेगनवाली मंडळी हेच तपासतात.
अजून एक. २६/११ ला १६६ माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, एकट्या मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. पहिल्यानंतर दहशतवादाचा तपास करणारी एनआयए उभी राहिली. दुसऱ्याला आपण आजही नालेसफाईचा विषय समजतो. १९९४ च्या यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) अहवालानं 'मानवी सुरक्षा', म्हणजे देशाच्या सीमेआधी माणसाच्या जगण्याची सुरक्षा, मांडली ती याचसाठी.
मात्र विलायतेबाबत मामांशी सहमत. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा जुना विभाग आहे, जेएनयूत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र स्कूल आहे. फी कर्जाशिवाय भरता येते.

हप्ते चालू आहेत
मी ब्रिटनमध्ये हेच करून आलो. आता ऐरोलीत एका परदेशी कंपनीच्या रिस्क डेस्कवर नाइट शिफ्ट. कुठल्या शहरात निदर्शनं, कुठला विमानतळ बंद, साहेबानं नैरोबीला जावं का, असलं लिहितो. पगार बरा, पण पदवीमुळे नाही, फारसीमुळे मिळाला. वर्गात सगळ्यांना थिअरी येत होती. तेहरानची बातमी मुळातून वाचता येणारे आम्ही मोजकेच. भाषा शिकणार नसेल तर तिनं जाऊ नये.

वर्सोवा बंदर
सगळे शिकलेले बोलले, आता कोळी बोलतो. २६/११ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात दहा अतिरेकी उतरले, तेव्हा आमच्याच लोकांनी त्यांना हटकलं होतं. नंतर आम्हाला बायोमेट्रिक कार्डं, बोटींना रंग, आणि भाषण की तुम्ही सागराचे डोळे आणि कान. कानाला पुढे कुणी विचारलं नाही. इंटरनेटच्या समुद्री केबली आमच्याच किनाऱ्यावर येतात. जगात त्या तुटतात त्या बहुतेक नांगरानं आणि मासेमारीच्या जाळ्यानं. म्हणजे उद्या आम्हीच धोका ठरणार! यावर कुणी अभ्यास केला तर वाचायला आवडेल. भाचीला पाठवा, होडीत जागा आहे.

परळचा मामा
पुण्याची प्रवेशपरीक्षा बघतो. विलायतेला माझं नाहीच, घर गहाण पडतंय ते ताईचं. बॅलार्ड, तुमच्याकडे उन्हाळ्यात कुणाला घेता का?

बॅलार्ड इस्टेट
घेतो. मानधन थोडं, जेवण ऑफिसचं. सीव्ही पाठव म्हणावं, पण त्यात 'भू-राजकारणाची आवड' लिहू नये. सगळेच लिहितात.