प्रतिसाद: नॉर्वेतली पांढरी चर्च

वर कोणीतरी म्हटलंय की नॉर्वेच्या खेड्यांतली १९व्या शतकातली चर्च सगळी एकाच साच्यातली वाटतात. वाटणारच, साचा खरोखरच होता! ओस्लोच्या राजवाड्याचा वास्तुकार लिन्स्टो याने गावांसाठी चर्चचे नमुना-आराखडे तयार केले, ते छापले गेले. त्यात १८५१ च्या कायद्याची भर: चर्चच्या हद्दीतल्या निदान तीन दशांश लोकांना आत बसता आलं पाहिजे. मध्ययुगीन स्टाव्ह चर्च, म्हणजे उभ्या खांबांच्या सांगाड्यावरची लाकडी चर्च, तेवढी कुठली मोठी? कित्येक सरळ पाडली. बोरगुंड गावात मात्र १८६८ मध्ये शेजारीच नवं बांधलं आणि जुनं वाचलं.

या नव्या चर्चची बांधणी बघण्यासारखी असते. आडवे ओंडके कोपऱ्यावर खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे, बाहेरून फळ्या ठोकून पांढरा रंग द्यायचा. आत जागा वाढवायला लाकडी सज्जे.

पुढे नॉर्दान नावाच्या वास्तुकाराने शंभराच्या आसपास चर्च केली, बरीचशी गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन दगडी चर्चच्या वळणाची. टोकदार कमानीच्या खिडक्या फळ्यांच्या भिंतीत बघायला मला जरा गंमतच वाटते. दगडाचा थाट लाकडाला कशाला हवा? त्यापेक्षा लिन्स्टोचा साधेपणा बरा.