शनिवारी गोळी घेतली, आज बुधवार. रडू थांबत नाही

झोपेविना:
शनिवारी रात्री एमडीएमएची (एक्स्टसी, नशेची) गोळी घेतली. चौथी वेळ. रविवारी अंग ठणकलं, पण मन ठीक होतं. सोमवारी जबडा इतका दुखला की घास चावता येईना. मंगळवारी कप विसळताना त्याचा कान तुटून हातात आला आणि मी सिंकपाशी उभा राहून दहा मिनिटं रडलो. नुसता एक कप! रात्री दोनला दचकून जाग येते. मित्र म्हणतो, अर्धी अजून घे, बरं वाटेल. हे असंच राहणार का?

सुटलेला:
आधी एकच सांगतो, ती अर्धी घेऊ नकोस.

गोळीने मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मन थाऱ्यावर ठेवणारं रसायन, एका रात्रीत उपसून काढलंय. ते पुन्हा भरायला दिवस लागतात, म्हणून माणूस बऱ्याचदा तीन-चार दिवसांनी ढासळतो. त्यात जागरण, उपाशी पोट. बहुतेकांचं आठवड्याभरात निवळतं. जबड्याचं म्हणशील तर अमलात असताना दात करकचून आवळले जातात. माझ्या दाढेचा टवका उडाला होता.

माझं कोकेन होतं. उतरताना जीव कासावीस व्हायचा म्हणून 'थोडंसंच' घ्यायचो, झोपेसाठी वर दारू. ही दोन्ही एकत्र गेली की यकृतात कोकाएथिलीन नावाचं रसायन तयार होतं, ते हृदयाला आणखी जड, हे फार उशिरा कळलं. त्या 'थोडंसंच'मध्ये माझे 14 महिने गेले. सोडल्यावरही कितीतरी दिवस कशातच राम वाटेना. आवडतं गाणं लावायचो आणि अर्ध्यात बंद करायचो. पाचव्या महिन्यात एकदा ते शेवटपर्यंत ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की काहीतरी परत येतंय.

मित्राला आज नाही म्हण. आणि जेव, भूक नसली तरी.

रात्रपाळीची नर्स:
तुम्ही दुसरं कुठलं औषध घेता का? छातीत दुखलं, ताप चढला, स्नायू उडायला लागले किंवा बोलणं भरकटलं तर घरी थांबू नका. तिथे काय घेतलं ते खरं सांगा. कोकेन घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखत असेल तर काही औषधं देताना डॉक्टरांना जपावं लागतं. आम्हाला नाव ठेवायचं नसतं, उपचार ठरवायचा असतो. आणि जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी कुणाला तरी उठवा.

झोपेविना:
मार्चपासून डिप्रेशनची गोळी चालू आहे. आधी लिहायची लाज वाटली.

रात्रपाळीची नर्स:
बरं झालं सांगितलंत. ती मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना दोन्ही सांगा. अशा बऱ्याच औषधांवर एमडीएमए नीट चढत नाही, म्हणून लोक जास्त घेतात आणि तिथेच घात होतो. शिवाय दोन्हींमुळे सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

झोपेविना:
उद्या साडेदहाची वेळ मिळाली. मित्राला नाही म्हणून कळवलं. आत्ता ताटात भात आहे, दोन घास गेले.