मदत हवी आहे: बाबांचा शर्ट माझ्या मापाचा केला, पण आता हात वर होत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांचे तीन सुती शर्ट माझ्याकडे आले आहेत. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन कापड इतकं मऊ झालंय की नवं कापड हातात घेतलं की खरखरीत वाटतं. हे तिन्ही शर्ट मला स्वतःला घालायचे आहेत. फडकी करायला मन धजत नाही.

मी दीडेक वर्षापासून घरीच शिवते. क्लास केलेला नाही. उशांचे अभ्रे, पिशव्या, पायजमे, एखाद्या कुर्त्याची बाही आखूड करणं, एवढाच अनुभव. मशीन साधं, सरळ टीप मारणारं आहे.

पहिला निळा शर्ट घेतला. छातीचा घेर १२२ सेंटीमीटर, माझी छाती ९०. खांद्याची शिवण माझ्या खांद्याच्या हाडाच्या ४ सेंटीमीटर खाली उतरत होती. शर्ट उलटा घातला, टाचण्या लावल्या आणि मनगटापासून बगलेखालून थेट खालच्या दुमडीपर्यंत एका वळणात टीप मारली. दोन्ही बाजूंना ६-६ सेंटीमीटर आत. आरशासमोर हात खाली सोडून उभी राहिले तेव्हा इतका छान दिसला की लगेच आईला हाक मारली. मग फडताळातला वरचा डबा काढायला हात उचलला, तर अख्खा शर्ट कमरेच्या वर आला आणि दंडावर कापड करकचलं.

मला वाटलं, मुंढा (बाही जोडायची गोल खाच) घट्ट झालाय. म्हणून बगलेत आणखी ३ सेंटीमीटर खोल कापला. त्यानंतर तर हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जाईना. मोकळा केला तरी जास्त आवळतो, हे माझ्या डोक्यातच शिरत नाहीये. दोन रात्री तेच उलटसुलट करून बघतेय.

विचारायचंय ते असं. हे का झालं? निळा शर्ट वाचेल का? उरलेल्या दोघांना कात्री लावण्याआधी मी काय करायला हवं? शिवाय टीप मारली की शिवणीवर बारीक चुण्या पडतात, इस्त्रीनेही जात नाहीत. आणि छातीचा खिसा उसवला तर खालून गडद निळा चौकोन निघाला, जणू तेवढंच कापड कालचं आहे. त्याचं काय करू?

आणखी एक. पांढऱ्या शर्टाची कॉलर दुमडीवर विरली आहे. तो शर्ट मला सगळ्यात जास्त हवा आहे.

प्रतिसाद

ताई, आधी घेराचा हिशोब करू. प्रत्येक बाजूला पुढून ६ आणि मागून ६, म्हणजे एकूण २४ सेंटीमीटर गेले. १२२ मधून २४ वजा जाता ९८ राहिले. तुमची छाती ९०. आठ सेंटीमीटर ढील, म्हणजे अंगाच्या मापावरची मोकळीक, अंगाबरोबरच्या शर्टाला पुरते. म्हणजे घेर निर्दोष आहे, दुखणं मुंढ्यातच आहे. फक्त तुम्ही उलट्या दिशेने इलाज केलात. शिकताना मीही हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंढ्याचा सगळ्यात खालचा बिंदू म्हणजे बाहीची बिजागरी समजा. हात वळतो खांद्यातून, बगलेपासून. बिजागरी बगलेला लागून असेल तर हात उचलल्यावर फक्त बाही उचलली जाते. ती बगलेखाली ६-७ सेंटीमीटरवर गेली, तर हात उचलताना बाहीला आधी बरगड्यांवरचं कापड ओढून वर आणावं लागतं. आणखी खोल कापलंत की बिजागरी आणखी खाली जाते. बाबांना तो खोल मुंढा चालत होता, कारण भोवती ढगळ कापड होतं. तुम्ही ढील काढून घेतली आणि मुंढा तसाच खोल ठेवला. शिवाय बगलेत जे गोलसर वळण घेतलंत त्याने बाहीची खालची शिवणही आखूड झाली.

म्हणून पुढच्या शर्टाला मुंढा *वर* न्यायचा. कापड कुठून येणार असं वाटेल, पण ते आहे. मुंढ्याचं वळण बाजूच्या शिवणीपाशी सगळ्यात खाली असतं आणि आत जावं तसं वर चढतं. तुम्ही बाजू ६ सेंटीमीटर आत घेता, तिथे जुना मुंढा आधीच बराच वर चढलेला असतो. म्हणजे नव्या बगलेसाठी कापड तिथे शाबूत असतं. बाही न उसवता एका टिपेत काम केलं, तर त्याचा फायदाच मिळत नाही.

बाह्या पूर्ण उसवा, बाजूच्या शिवणी उसवा. पुरुषांच्या शर्टाला बाजूला बहुतेक वेळा दुहेरी दाबशिवण (कडा आत दुमडून दोन टिपांची) असते, घाई केली की कापड फाटतं. सगळे भाग इस्त्री करून सपाट करा. आता तुम्हाला नीट बसणारा एखादा न ताणणाऱ्या कापडाचा शर्ट घ्या आणि त्याचा मुंढा कागदावर उतरवा. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. पुढचा जास्त कोरलेला असतो, मागचा उभट. दोन्ही सारखे कापले तर पाठीत ओढ येते. कागदाचं खांद्याचं टोक तुमच्या हाडावर येऊ द्या आणि बगलेचा बिंदू खऱ्या बगलेच्या २ ते २.५ सेंटीमीटर खाली. शिवणीसाठी दीड सेंटीमीटर सोडून खडूने आखा.

मग बाही. ती नव्याने कापल्याशिवाय गत्यंतर नाही. खांदा ४ सेंटीमीटर आत गेला म्हणजे बाही तेवढी लांब लागेल. बाबांच्या बाहीत ती लांबी असणारच, पण मोजल्याशिवाय कात्री घेऊ नका. बाहीचा माथा, म्हणजे मुंढ्याला जोडायची वरची गोलाई, उंच केला तर हात खाली असताना बाही सुरेख पडते, पण हात वर जायला त्रास देते. माथा बुटका आणि बाही रुंद असेल तर थोड्या चुण्या पडतात, पण हात मोकळा राहतो. रोज घालायचा शर्ट असेल तर माझं मत बुटक्या माथ्याला.

माथ्याची लांबी मुंढ्यापेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त ठेवा, बस. मोजताना टेप आडवी न ठेवता कडेवर उभी करा आणि टीप जिथे पडणार त्या रेषेवरून फिरवा. कापडाच्या कडेवरून मोजलंत तर आकडा चुकतो.

बाही लावताना आधी सपाट अंगाला सपाट बाही जोडा, मग बाही आणि बाजू एका सलग शिवणीत बंद करा. शर्ट असेच शिवतात. पहिली टीप मशीनवरच्या सगळ्यात लांब टाक्याची मारा, घालून बघा. दोन्ही हात वर, दोन्ही हात पुढे, खुर्चीत बसून. ठीक वाटलं तरच पक्की टीप आणि कापड छाटणी.

प्रतिसाद

निळा शर्ट वाचतो गं. बगलेत चौकोन बसव. कापलेलं कापड परत येत नाही, पण बगलेत चौकोनी तुकडा घातलास की बाहीची आणि अंगाची बाजू दोन्ही लांबतात. तुकडा उरेब (धाग्यांना तिरका) काप, थोडा ताण घेतो. चौकोनाचं एक टोक बाहीच्या शिवणीकडे, समोरचं अंगाच्या शिवणीकडे, उरलेली दोन मुंढ्याच्या शिवणीत.

सगळं कसब कोपऱ्यात आहे. चारही कोपऱ्यांवर शिवणरेषा जिथे मिळतात तिथे पेन्सिलीने ठिपका दे. टीप नेमकी ठिपक्यावर सुरू आणि ठिपक्यावरच बंद, एक टाकाही पुढे नाही. प्रत्येक बाजू वेगळी शिव, कोपऱ्यावर सुई रोवून वळू नकोस. कापड जुनं आहे म्हणून कोपऱ्यांच्या मागे बोटभर पातळ कापड लाव, नाहीतर पहिल्याच धुण्यात उसवेल.

आणि तुकडा खिशाच्या कापडातून काढ! बगलेत रंगाचा थोडा फरक कुणाला दिसत नाही.

प्रतिसाद

चुण्यांबद्दल. सुई कोणती आहे? १६ नंबरची असेल तर विरलेल्या सुती कापडाला ती फार जाड. ११ नंबरची नवी सुई आणि बारीक दोरा घ्या. टाका २ ते २.५ मिलीमीटर. वरचा दोरा ओवताना मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा, कारण पाय खाली असला की टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण धरणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसत नाही. मग टेन्शन थोडं सैल करून त्याच शर्टाच्या कात्रणावर टीप मारून बघा. शिवताना कापड मागून ओढू नका, मशीनच्या पायाखालच्या दातांना त्यांच्या चालीने नेऊ द्या.

प्रतिसाद

विरलेली कॉलर उलटवा. कॉलर जिथे स्टँडमध्ये (गळ्याभोवतीच्या उभ्या पट्टीत) शिरते तेवढीच शिवण उसवा, कॉलर बाहेर काढून पालटा आणि त्याच खाचेत परत बसवून टीप मारा. विरलेली बाजू खाली जाते आणि आजवर दडलेली कोरी बाजू वर येते. उसवण्याआधी स्टँडचा आणि कॉलरचा मध्य दोऱ्याने खुणावून ठेवा, नंतर शोधत बसावं लागत नाही. कॉलरच्या टोकांना बटणं नसतील तर हे सोपं जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बिजागरीचं वाचलं आणि लगेच निळा शर्ट घालून बगलेखाली बोट ठेवलं. बाही खरंच बगलेच्या चांगली ७ सेंटीमीटर खाली जोडलेली निघाली.

सुई १६ नंबरचीच होती! ११ ची लावली, टेन्शन अर्धा फेरा सैल केलं, आता टीप सपाट पडते.

दुसरा, रेघांचा शर्ट दादांनी सांगितलं तसा उसवून केला. नुसतं उसवायला अडीच तास लागले. कच्च्या टिपेवर घातला तेव्हा उजव्या बाहीत मागून ओढ आली. उसवून पाहिलं तर बाहीची पुढची-मागची बाजू अदलाबदल झाली होती. परत लावली. नवी बगल खडूने आखली तेव्हा जुन्या मुंढ्याच्या कडेपर्यंत खरंच भरपूर कापड होतं. तोवर माझा विश्वास बसला नव्हता. काल संध्याकाळी तो घालून वरचा डबा काढला, शर्ट जागचा हलला नाही.

निळ्याला खिशाचे दोन तुकडे लावलेत. एका बाजूचा कोपरा नीट जमला, दुसऱ्याला ठिपक्याच्या पुढे दोन टाके गेले म्हणून तिथे चुणी आहे, ती उद्या उसवते. छातीवरचा गडद चौकोन मात्र झाकावासा वाटत नाहीये. तिथे बाबांचं पेन असायचं. चौकोनाच्या वरच्या कडेला शाईचा एक ठिपकाही आहे. तो तसाच ठेवते.

आता पांढरा. कॉलरच्या टोकांना बटणं नाहीत, हे आत्ताच बघून आले. मध्य लाल दोऱ्याने खुणावलाय. पण उसवायच्या आधी एक विचारते. कॉलरच्या आत कडक अस्तर चिकटवलेलं आहे आणि बोटांनी चाचपलं तर ते एकाच बाजूला वाटतं. उलटवल्यावर कडक बाजू खाली जाईल. त्याने कॉलर नीट दुमडेल ना, की वरच्या बाजूला पातळ अस्तर द्यावं लागेल? कुणी केलं असेल तर सांगा, तोवर कात्री बाजूला ठेवते.